लॅपटॉपची झोपमोड

अपडेट झाल्यावर रात्री झोपवलेला लॅपटॉप सकाळी उठतच नसेल, तर घाबरून त्याला लगेच बाजारात नेऊ नका. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते, बिघडलेली असते ती त्याची झोप. ती कुठे बिघडली, हे घरच्या घरी शोधता येते.

रात्रीचे बारा वाजत आले आहेत. दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात, चौथ्या मजल्यावरच्या एवढ्याशा खोलीत, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी साताऱ्याहून आलेला एक मुलगा टिपणांचे शेवटचे पान लिहितो, लॅपटॉपचे झाकण मिटतो आणि अंथरुणावर पडतो. तिकडे नोएडातल्या एका सदनिकेत एक आई ऑफिसचा अर्धा राहिलेला हिशेब तसाच उघडा ठेवून झाकण मिटते. सकाळी मुलांचे डबे भरून झाले की उरलेले काम पुरे करायचे, असा तिचा बेत असतो.

दिल्ली परिसरातल्या कितीतरी घरांत रात्री हेच दृश्य दिसेल आणि त्यांतल्या काही घरांतली सकाळही सारखीच असेल. झाकण उघडावे तर पडदा काळाठिक्कर. बटण दाबावे तर उत्तर नाही. शेवटी बटण बराच वेळ दाबून धरल्यावर यंत्र नव्याने सुरू होते, पण रात्री उघडे ठेवलेले टिपण आणि हिशेब दोन्ही नाहीसे झालेले असतात. आठवते ते एवढेच, की दोन दिवसांपूर्वी लॅपटॉपने काहीतरी 'अपडेट' करून घेतले होते.

मग घरात एकच वाक्य ऐकू येते, "लॅपटॉप गेला!" कुणीतरी तो पिशवीत घालून नेहरू प्लेसची मेट्रो पकडतो. तिथे दुकानदाराचे उत्तर तयार असते, "फॉरमॅट मार देते हैं." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणे. त्यात टिपणे जातात, हिशेब जातात, मुलांच्या वाढदिवसांची छायाचित्रेही जातात. एवढी किंमत मोजण्याआधी लॅपटॉप झोपतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेतलेले बरे.

झोप म्हणजे बंद नव्हे

लॅपटॉप मिटून ठेवण्याचे तीन प्रकार आहेत. 'शट डाऊन' म्हणजे काम आवरून, दिवे मालवून, कुलूप लावून बाहेर पडणे. 'हायबरनेट' म्हणजे टेबलावरचा पसारा जसाच्या तसा कपाटात ठेवून मग दिवे मालवणे. यात चालू काम डिस्कवर लिहून ठेवले जाते. त्यामुळे बॅटरी पार संपली तरी ते सुरक्षित राहते.

तिसरा प्रकार 'स्लीप'. यात पसारा टेबलावरच राहतो आणि दिवा तेवढा बारीक केलेला असतो. चालू काम तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असते आणि ते टिकावे म्हणून थोडी वीज सतत लागते. वीज तुटली किंवा यंत्र मध्येच अडले, की जतन न केलेले सारे पुसले जाते.

पूर्वीचे लॅपटॉप झोपले की गाढ झोपत. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मोबाइलसारखी झोप आली आणि २०१५ च्या विंडोज १० पासून तिला 'मॉडर्न स्टँडबाय' हे नाव मिळाले. ही खरी श्वाननिद्रा! झाकण मिटलेले असले तरी यंत्र अधूनमधून कान टवकारते, इंटरनेटशी बोलते आणि पुन्हा डोळा लावते. झाकण उघडताच ते क्षणात हजर होते, हा तिचा फायदा. पण झोपेतही इतके व्यवहार चालू असल्याने अडखळण्याच्या जागा वाढतात, हा तोटा. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप मेट्रोतून उतरेपर्यंत तापलेला आढळतो, तोही बऱ्याचदा याच सावध झोपेमुळे.

अपडेटने बिघडते काय?

लॅपटॉपला झोपवणे हे एकट्याचे काम नव्हे. विंडोज झोपण्याचा हुकूम देते. पडदा, वाय-फाय, आवाज, डिस्क अशा प्रत्येक भागाचा 'ड्रायव्हर' नावाचा छोटा प्रोग्रॅम तो हुकूम आपापल्या भागापर्यंत पोहोचवतो. सगळ्यांच्या तळाशी यंत्राचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस असतो. या सर्वांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ च्या डिसेंबरमध्ये ठरवले. आजचे लॅपटॉप त्याच नियमांच्या सुधारित आवृत्तीवर चालतात.

गावाला निघालेल्या कुटुंबाची आठवण करा. सगळे दारात उभे आहेत, रिक्षा थांबली आहे आणि एकाचे आवरतच नाही. लॅपटॉपचेही तसेच होते. एका ड्रायव्हरने "मी तयार" असे कळवले नाही, तर बाकीचे सारे खोळंबतात. ठरावीक वेळ वाट पाहून विंडोज स्वतःच काम थांबवते आणि निळ्या (नव्या आवृत्तीत काळ्या) पडद्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' अशी अक्षरे दाखवते. झाकण मिटलेले असल्याने ती कुणाला दिसत नाहीत. आपल्याला दिसतो तो सकाळचा मेलेला पडदा.

अपडेटमध्ये विंडोज बदलते, कधी ड्रायव्हरही बदलतो, बायॉस मात्र जुनेच राहते. आणि कालपर्यंत जुळलेली मंडळी आज एकमेकांचे ऐकेनाशी होतात. २०२० च्या मे महिन्यात विंडोज १० चे मोठे अपडेट आले, तेव्हा झोपेतही नेटशी जोडलेली राहणारी एकापेक्षा जास्त नेटवर्क साधने असलेले काही लॅपटॉप अचानक बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली, तशा यंत्रांना ते अपडेट देणे थांबवले आणि नंतर दुरुस्ती पाठवली.

अशा खोलवरच्या प्रोग्रॅमची एक चूक किती महाग पडते, हे दिल्लीकरांनी १९ जुलै २०२४ रोजी विमानतळावर पाहिले. त्या दिवशी चूक विंडोजच्या अपडेटची नव्हती, तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमच्या अपडेटची होती. जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. दिल्लीच्या विमानतळावर उड्डाणांच्या वेळा पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहाव्या लागल्या.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. त्यानंतर जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवले असेल, तर ड्रायव्हर जुने राहिले नाहीत ना, हे आधी पाहावे.

आधी वही, मग माऊस

डॉक्टर औषध देण्याआधी विचारतात, "कधीपासून? केव्हा होते?" इथेही तेच करावे. एक वही घ्या आणि चार गोष्टी नोंदवा.

पहिली गोष्ट तारीख. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असे इंग्रजीत टाइप केले, की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. त्यात दिवसांचा आलेख दिसतो. यंत्र कोलमडले त्या दिवशी तांबडी फुली असते आणि अपडेट कधी बसले तेही तिथेच दिसते. फुल्या अपडेटच्या आधीपासूनच असतील, तर अपडेटला दोष देण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टची नियमित अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. त्यामुळे अनेक घरांत तक्रार बुधवार-गुरुवारी सुरू होते, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट सकाळची अवस्था. लॅपटॉप गरम आहे आणि पंखा फिरतो आहे, तर तो रात्री झोपलाच नाही, झोपेच्या दारातच अडकला. तो थंड आहे, बटणांचे दिवे लागतात पण पडदा काळा राहतो, तर तो उठताना अडला. तेव्हा संशय पडद्याच्या ड्रायव्हरवर घ्यावा. बॅटरी पार रिकामी असेल, तर तो बिघाड नसेलही, नुसती वीज संपलेली असेल.

तिसरी गोष्ट वेळ. पाच मिनिटांची झोप नीट लागते आणि रात्रभराची लागत नाही, असे असेल तर स्लीपमधून आपोआप हायबरनेटमध्ये जाताना घोटाळा होत असावा.

चौथी गोष्ट सोबत. चार्जर लावून आणि काढून, झाकण मिटून आणि स्टार्टमधून 'स्लीप' निवडून, अशा वेगवेगळ्या तऱ्हांनी पाहावे. दोन संध्याकाळी यात जातील, पण दुकानदारापेक्षा अधिक माहिती तुमच्या हाती येईल.

सोप्याकडून अवघडाकडे

उठताना पडदा काळा राहिला तर लगेच बटण दाबून धरू नका. विंडोजच्या खुणेचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. यामुळे पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पुष्कळदा पडदा परत येतो आणि रात्रीचे कामही वाचते.

हे जमले नाही, तर पुढील उपाय याच क्रमाने करावेत. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग 'रीस्टार्ट' करा. पुष्कळ लॅपटॉपवर 'फास्ट स्टार्टअप'ची सोय चालू असते. त्यामुळे शट डाऊन केले तरी यंत्र पूर्ण ताजे होत नाही, रीस्टार्टने मात्र होते.

त्यानंतर प्रिंटर, यूएसबी हब, जास्तीचा पडदा, माऊसचा खडा असे सारे काढून एक रात्र झोपवून पाहा. झोप लागली, तर एकेक वस्तू परत जोडत जा. चोर सापडेल.

तरीही जमले नाही, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचे ताजे ड्रायव्हर घ्या. अपडेटने एखादा ड्रायव्हर बदलला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्यावर दोनदा क्लिक करून 'रोल बॅक ड्रायव्हर'ने जुना परत आणता येतो. सुरुवात पडदा आणि वाय-फाय यांच्यापासून करावी.

शेवटी अपडेटच मागे घ्यायचे. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये 'अपडेट हिस्टरी' आणि तिथे 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय आहे. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, तर साधारण पहिल्या दहा दिवसांत 'रिकव्हरी'मधून 'गो बॅक' करता येते. मात्र अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. म्हणून ती काही आठवडे थांबवावीत, कायमची टाळू नयेत.

बायॉस बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हे काम मध्येच वीज गेली तर यंत्र निकामी होऊ शकते. चार्जर लावून, बॅटरी भरलेली असतानाच ते करावे. त्याआधी 'बिटलॉकर'ची ४८ आकडी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून वहीत उतरवून घ्या. बायॉस बदलल्यावर यंत्राने ती मागितली आणि ती नसली, तर आपल्याच फाइली आपल्याला परक्या होतात.

हे सारे होईपर्यंत तात्पुरता आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे झोपच बदलणे. कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' व्हावे असे ठरवा. सकाळी उठायला थोडे सेकंद जास्त लागतील, पण टिपणे आणि हिशेब सुखरूप राहतील.

भीतीचा धंदा

लॅपटॉप जागेपणीही कोलमडत असेल, तळ फुगलेला दिसत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र घरगुती उपाय थांबवावेत. फुगलेली बॅटरी धोकादायक असते. दिल्लीच्या मे-जूनमधल्या उकाड्यात तर तिच्याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रात जावे. बाजारातल्या दुकानात जायचे असेल, तर पासवर्ड देण्याआधी फाइलींची प्रत आपल्याकडे ठेवावी, "माझ्याशी बोलल्याशिवाय फॉरमॅट करायचे नाही" हे पावतीवर लिहून घ्यावे आणि आपली वही दाखवावी. चांगला कारागीर ती वही पाहून खूश होतो.

आणखी एक सावधगिरी. पडद्यावर अचानक "तुमचा संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर फोन करा" असे झळकले, तर फोन करू नका. खऱ्या बिघाडाच्या पडद्यावर फोन नंबर नसतो. अशी खोटी भीती घालून परदेशातल्या लोकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरवर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा इथे पोलिसांनी छापे घातले होते. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

यंत्र नवे असो वा जुने, अपडेट येतच राहणार आणि कधीतरी एखाद्या ड्रायव्हरचे आवरणार नाही. रात्री गॅस बंद केला का, कडी लावली का, हे जसे आपण पाहतो, तशी आणखी एक सवय घराला लागायला हवी. झाकण मिटण्याआधी कंट्रोल आणि एस ही दोन बटणे दाबायची आणि काम जतन करायचे. मग लॅपटॉपची झोप मोडली, तरी आपली मोडणार नाही.