तारेखालचा दोरा

आरमोरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत तो साथीला बसतो. दिवाळीनंतर मोसम सुरू झाला की आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रभर. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडच्या जोडीला आता त्याची गिटारही असते. यंदा साठवलेल्या पैशांतून त्याने पोकळ अंगाची, व्हायोलिनसारख्या दोन फटींची जॅझ गिटार घेतली, स्वस्तातली. तिच्यात सुधारणा करायची आहे आणि त्याला तीन प्रश्न पडले आहेत. आतून पाहिलं तर ती प्लायवूडची निघाली, म्हणजे फसलो का? मंडपात स्पीकर चढवले की ती आपोआप घुमू लागते, ते कसं थांबवायचं? आणि आमच्या भागात अस्सल सागवान, शिसव मिळतं, तर तिची पाठ बदलून घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे वाचतात. पाठ बदलू नये. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका नामांकित कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या, बाकी सगळं शक्य तितकं सारखं. मग ५२ गिटारवादकांना, गिटार दिसणार नाही अशा बेताने, त्या वाजवायला दिल्या. महागडं शिसव आणि साधं लाकूड यांतला फरक त्यांना भरवशाने ओळखता आला नाही. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तरी दुर्मीळ लाकडाच्या नावावर गिटारीची किंमत दुप्पट करणाऱ्या जाहिराती तशाच चालू आहेत. त्यात तुमच्या गिटारीला विजेचा पिकअप आहे. त्यातलं चुंबक पोलादी तारेची हालचाल टिपतं. लाकडाचा परिणाम होतो तो तारेमार्फत, वळसा घालून.

प्लायवूडबद्दल तर मी उलटच म्हणेन. गिब्सन कंपनीने १९४९ साली एक गिटार बाजारात आणली, किंमत १७५ डॉलर, म्हणून तिचं नावच ईएस-१७५. तिचं अंग थर चिकटवलेल्या मॅपलचं, म्हणजे प्लायवूडचंच. जिम हॉल आणि जो पास यांच्यासारख्यांनी ती वर्षानुवर्षांची सोबतीण केली. कोरीव लाकडापेक्षा हा पत्रा, म्हणजे गिटारीच्या अंगाचा पातळ पृष्ठभाग, ताठ असतो, कमी थरथरतो, म्हणून स्पीकरसमोर कमी घुमतो. आरमोरीसाठी प्लायवूडचा आणखी एक गुण मोलाचा आहे. लाकूड ओलीने फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लायवूडमध्ये एकावर एक थर आडवे-उभे बसवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थर शेजाऱ्याला आवरून धरतो. एकीकडे वैनगंगेकाठचा पावसाळा, दुसरीकडे पलीकडच्या ब्रह्मपुरीसारखा पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा. अशा हवेत अखंड लाकडाचा पातळ पत्रा तडकतो. प्लायवूड टिकतं.

आता घुमण्याचं. स्पीकरमधून आलेला आवाज गिटारीचा पत्रा आणि आतली हवा हलवतो, पत्रा तार हलवतो, पिकअप ते पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि हे चक्र फेरीगणिक मोठं होत जातं. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने हा प्रकार उलगडून सांगितला, म्हणून त्याला लार्सन परिणाम म्हणतात. पोकळीतल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, बहुतेक गिटारींत शंभर हर्ट्झच्या आसपास. पाचवी तार ११० हर्ट्झची, त्यामुळे तिथे हमखास घात होतो. उपाय स्वस्त आहे. फटींच्या आकाराचे फोमचे तुकडे कापून घट्ट बसवायचे. बी. बी. किंग गिटारीत टॉवेल कोंबत असे, आणि १९८० साली त्याच्या नावाची गिटार निघाली ती बिनफटींचीच. शिवाय वाजवताना स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला सरकावं. तारा निकेल गुंडाळलेल्या घ्याव्यात, कारण पितळी गुंडाळीकडे चुंबक फारसं लक्ष देत नाही.

हे झालं पत्राचं उत्तर. पण ज्या भागाबद्दल त्याने विचारलंच नाही, त्यावर मला सांगायचं आहे. तो भाग म्हणजे घोडी, जिच्यावर तारा टेकतात.

या जातीच्या गिटारीची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती नुसती पत्र्यावर उभी असते, सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या घोडीसारखी. म्हणजे ती काढून, दुसरी बनवून, नाही आवडली तर जुनी परत लावता येते. इतका निर्धोक बदल दुसरा कुठलाच नाही. ब्रिजभूषण काब्रांनी जॅझसाठी बनलेली अशी कमानदार गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत तिचा आवाज ऐकू येतो. विश्वमोहन भट्टांनी अशाच गिटारीला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवलं. जॅझच्या गिटारीत आपल्याकडे झालेले बदल हे असे, तारा आणि घोडीच्या बाजूने झालेले.

घोडीत एवढं काय असतं? गिटारीच्या घोडीवर तार एका धारेवरून सुटते. तानपुऱ्याची घोडी रुंद, वरून किंचित उतरती असते. तार हलताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. म्हणून तिच्यातून वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, सतत फुटत राहतात. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक दोरा सरकवून ती जागा केसाएवढी वर-खाली करायची. तानपुऱ्याचा दोरा दोन मिलिमीटर सरकवला आणि मुका आवाज एकदम उजळला, तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

या दोऱ्याचं भौतिकशास्त्र पहिल्यांदा ज्याने लिहिलं तो माणूस चंद्रशेखर वेंकट रामन. तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर शांत राहणारे उपस्वर आवाजात उमटत नाहीत, हा थॉमस यंगचा जुना नियम. रामन यांनी तानपुऱ्याची तार नेमक्या तशा बिंदूवर छेडली, तरी जो ‘गैरहजर’ असायला हवा होता तो उपस्वर खणखणीत वाजला! १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध छापला. त्यात घोडीची वक्रता आणि तारेखाली सरकवलेला लोकरीचा किंवा रेशमाचा दोरा, दोन्हींची नोंद आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० साली, शिवकाली कुमार या सहकाऱ्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये मृदंग-तबल्याच्या शाईचं रहस्य मांडलं होतं. त्या कुमारांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? रामन कलकत्त्याला स्थिरावण्याआधी काही काळ अर्थखात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरातही होते. १९२७ साली जर्मनांनी भौतिकशास्त्राच्या महाग्रंथाचा एक खंड काढला, तेव्हा वाद्यांवरचं प्रकरण त्यांनी रामन यांच्याकडून लिहून घेतलं. नोबेल त्यानंतर तीन वर्षांनी, प्रकाशासाठी. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, शाळाशाळांत प्रकाशाच्या विखुरण्याची गोष्ट सांगतात. दोऱ्याची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण विखुरणं दाखवायला उपकरणं लागतात. दोरा शिक्षकाच्या खिशात असतो.

आणि आरमोरीत तर तो गावातच आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या किड्यांचा कोसा, त्यातून निघणारं टसर. टसरचा धागा तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि चपटा असतो. चपटा धागा तारेखाली लोळणार नाही, बसून राहील, असा माझा अंदाज आहे. गिटार आणि रेशमाचं नातं जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन येईपर्यंत शास्त्रीय गिटारीच्या खर्जाच्या तारा रेशमाच्या गाभ्यावर धातू गुंडाळूनच बनत.

म्हणून माझी सूचना अशी. जुनी घोडी कुठे उभी आहे ते आधी कागदी चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा. शिसवाचा हात-दीड हात तुकडा पाठीसाठी शोधत होतात, त्याऐवजी बोटभर तुकडा घ्या. त्याची नवी घोडी करून घ्या. चार तारा नेहमीसारख्या धारेवर ठेवा. वरच्या दोन बारीक तारांखाली मात्र अंगठ्याच्या नखाएवढी रुंद जागा, पिकअपच्या दिशेने अगदी थोडी उतरती, बारीक पॉलिश कागदाने घासत आणा. घाई करू नका, मिरजेचे कारागीरही जवारी लावताना दर दोन-चार घासण्यांनंतर तार वाजवून पाहतात. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला उपस्वर जुळेपर्यंत घोडी मागेपुढे सरकवा. मग कोशाचा धागा तारेखाली घालून हळूहळू ओढा. एका ठिकाणी तार बोलू लागेल. तिथे थांबा, आणि धागा किती पदरी होता ते मला कळवा.