‘नून’ : तिसऱ्या प्रहराहून दुपारी आलेला शब्द

काही परके शब्द आपल्या इतक्या परिचयाचे होतात की त्यांच्या अर्थाची चौकशी करावी असे मनातही येत नाही. इंग्रजीतील ‘नून’ हा असाच एक शब्द. ‘गुड आफ्टरनून’ म्हणणाऱ्या शाळकरी मुलालाही नून म्हणजे दुपारचे बारा हे ठाऊक असते. परंतु या शब्दाच्या मुळाशी बारा हा आकडा नाही; तेथे आहे नऊ! लॅटिन भाषेत ‘नोना होरा’ म्हणजे नववा तास. त्या ‘नोना’पासून ‘नून’ झाला.

मग नऊचे बारा झाले कसे? प्राचीन रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग करीत आणि तास सूर्योदयापासून मोजीत. त्यांचा नववा तास म्हणजे आपले सुमारे तीन. मराठी बायबलात येणारा ‘नववा तास’ तो हाच. आपल्याकडेही मोजणी सूर्योदयापासूनच होती. दिवसाचे प्रहर चार. त्यांतील दोन सरले की ‘द्विप्रहर’, म्हणजेच दुपार. तिसरा सरला की रोमनांचा नववा तास. तात्पर्य, मूळचा नून म्हणजे आपली तिसऱ्या प्रहरच्या चहाची वेळ!

युरोपातील ख्रिस्ती मठांत या नवव्या तासाची एक प्रार्थना असे, आणि उपवासाच्या दिवशी तीनंतरच जेवण मिळे. पुढे ती प्रार्थना व ते जेवण हळूहळू अलीकडे सरकले आणि त्यांच्याबरोबर शब्दही सरकला, असे त्याचे कारण सांगितले जाते. चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत नून म्हणजे मध्याह्न हा अर्थ रूढ झाला. आपली दुपार मात्र जागची हलली नाही.

आजचा नून घड्याळाचा आहे, सूर्याचा नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. तेथून पश्चिमेकडे दर अंशाला सूर्य चार मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. म्हणून घड्याळात बारा वाजल्यानंतर खरा मध्याह्न होण्यास सरासरीने हैदराबादेत सुमारे १६, बेळगावात ३२, तर बडोद्यास ३७ मिनिटे लागतात. ऋतुमानाप्रमाणे यात थोडा फरक पडतो.

आता व्यवहाराची गोष्ट. ‘ए. एम.’ आणि ‘पी. एम.’ या अक्षरांतला ‘एम’ म्हणजे लॅटिनमधील मध्याह्न. पहिल्याचा अर्थ मध्याह्नापूर्वी, दुसऱ्याचा मध्याह्नानंतर. मग खुद्द मध्याह्नाला काय म्हणावे? तो स्वतःच्या पूर्वीही नाही आणि नंतरही नाही! रूढीने दुपारच्या बाराला ‘१२ पी. एम.’ व मध्यरात्रीला ‘१२ ए. एम.’ म्हणतात, परंतु या रूढीला शब्दार्थाचा आधार नाही, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. अर्जाची मुदत ‘१२ पी. एम.’ला संपते असे वाचून रात्रीपर्यंत अवकाश आहे असे समजणारा उमेदवार बारा तासांनी चुकतो.

मध्यरात्रीचे तर आणखी अवघड. ‘१५ तारखेच्या रात्री बारा’ म्हणजे पंधरा सुरू होताना की संपताना? आपल्या जुन्या रीतीने वार सूर्योदयाला बदलतो. इंग्रजी तारीख मध्यरात्री. रेल्वेच्या वेळापत्रकात १५ तारखेची ००.१० ची गाडी दिसली, तर घरातून निघावयाचे ते १४ च्या रात्री. १५ च्या रात्री जाणाऱ्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते!

यावर उपाय सोपा आहे. लिहिताना ‘दुपारी १२’ असे स्पष्ट लिहावे, किंवा रेल्वेप्रमाणे चोवीस तासांची मोजणी वापरावी. मध्यरात्रीसाठी ‘१४ व १५ यांमधील रात्र’ असे दोन्ही तारखांसह सांगावे. ‘नून’ हा शब्द तीन तास सरकला, त्याला शतके लागली. आपला निरोप बारा तास सरकावयास दोन अक्षरे पुरतात.