जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

देवळाच्या जीर्णोद्धारास महाराष्ट्रांत मोठा मान आहे. मोटारीच्या जीर्णोद्धाराचें नांव काढलें, कीं मात्र घरांतील वडीलधारीं माणसें कपाळास आंठ्या घालतात. तरीहि सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या गांवांतून हिंडणाऱ्यास एखाद्या बंगल्याच्या मागें, पत्र्याच्या शेडखालीं, विटांवर उभी करून ठेविलेली एखादी मारुति ८०० अजून दृष्टीस पडते. टायर बसलेले, दारांच्या खालच्या कडा तांबूस पडलेल्या, मागच्या कांचेवर कोण्या नातवानें धुळींत काढलेलें चित्र. ती विकवत नाहीं, कारण घरांत आलेली ती पहिली मोटार. आणि चालवतांहि येत नाहीं, कारण तिचा तळ कुजलेला. अशी गाडी घरच्या घरीं, दोन-तीन वर्षांच्या सवडीनें, पुन्हां रस्त्यावर आणतां येते काय, आणि आणावी काय, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पुष्कळ लोक पहिल्याचें उत्तर मिळवून दुसरा विसरतात.

या जातीच्या मोटारीस हॅचबॅक म्हणतात. सामानाची पेटी निराळी नसून मागचें दार कांचेसकट वर उचललें जातें, एवढीच तिची खूण. मारुति ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजीं त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें दिल्लीचे हरपाल सिंग यांना मिळाली. तीन सिलिंडरांचें ७९६ घन सेंटिमीटरांचें तें लहानसें यंत्र. पुढच्या चाकांस गति देणारें. १९८६ सालीं तिचा बाह्याकार बदलला, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. हरपाल सिंग यांनीं आपली गाडी २०१० सालीं निधन होईपर्यंत जवळ ठेविली. पुढें ती घरासमोर उन्हापावसांत गंजत राहिली. त्या दुरवस्थेचीं छायाचित्रें देशभर पसरलीं. अखेर कंपनीनें ती पूर्ववत् करून आपल्या मुख्य कार्यालयांत मांडली. मात्र ती प्रदर्शनाची वस्तु झाली, प्रवासाची नव्हे. घरच्या मोटारीस हा भेद फार महत्त्वाचा आहे. दिवाणखान्यांत ठेवावयाच्या वस्तूचा गंज रंगाखालीं झांकला तरी चालतो. जिच्यांत पोरेंबाळें बसवून खंबाटकीचा घाट उतरावयाचा, तिचा चालत नाहीं.

याचें कारण मोटारीच्या बांधणींत आहे. जुन्या जीपगाडीस खालीं जाड लोखंडी सांगाडा असे आणि वरची पेटी त्यावर नुसती बसविलेली असे. पेटी कुजली तरी सांगाडा भार वाहत राही. मारुतीसारख्या गाडीस असा सांगाडाच नसतो. तळ, दारांखालचे पोकळ पाट, खांब, छप्पर हे सर्व पातळ पत्र्याचे भाग एकमेकांस ठिपक्याठिपक्यांनीं जोडून जी पेटी होते, तीच गाडीचें हाड आणि तीच कातडी. पत्र्याची जाडी मिलिमीटरभरहि नसते. बळ असतें तें त्याच्या घड्यांत आणि पोकळ नळीसारख्या आकारांत. दाराखालचा पाट आंतून खाल्ला गेला, तर गाडी वरून चकचकीत असूनहि टकरीच्या वेळीं पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी दुमडेल. आसनपट्ट्याचें खालचें टोंकहि याच पाटाच्या आसपास जखडलेलें असतें.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें होणारा पदार्थ. ओल्या पत्र्यावर अतिसूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. एका ठिकाणीं लोखंड विरघळतें आणि शेजारीं प्राणवायु तें इलेक्ट्रॉन घेतो. पाण्यांत क्षार असले, कीं ही क्रिया झपाट्यानें चालते. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाला फुगा येतो, आणि फुगा नखाएवढा दिसला तरी खालीं तळहाताएवढी जागा गेलेली असते. तांब्यावरील हिरव्या पुटासारखा हा थर आंतील धातूचें रक्षण करीत नाहीं. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवितो, आणि एक थर गळला कीं दुसऱ्याची पाळी येते.

एकट्या सातारा जिल्ह्यांत पावसाचे दोन टोंकांचे प्रकार आहेत. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. माण तालुक्यांत पांचशेंहून फारसा अधिक नाहीं, पुष्कळदां कमीच. म्हणून दहिवडीच्या अंगणांत पडून राहिलेली गाडी आणि वाई-पांचगणीच्या बाजूची त्याच वयाची गाडी यांची तुलना होऊं शकत नाहीं. सांगलीची गोष्ट आणखी वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ सालींहि शहरांत पाणी शिरलें होतें. पुरांत बुडालेली मोटार वरून धुतली, वाळविली, तरी पोकळ पाटांत बसलेला गाळ तसाच राहतो आणि वर्षानुवर्षें ओला फडका दाबून धरल्याप्रमाणें पत्रा खात राहतो. जुनी गाडी या कामासाठीं विकत घेणारानें आसनांच्या रुळांखालीं, दर्शकफलकाच्या मागें आणि दिव्यांच्या पोटांत गाळाची रेघ अवश्य शोधावी.

तपासणीस महागडीं उपकरणें लागत नाहींत. एक लहान हातोडी, एक पेंचकस आणि एक लोहचुंबक पुरे. चांगला पत्रा हातोडीनें ठोकल्यावर खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो. चुंबक जेथें चिकटत नाहीं, तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. लांबी वाईट नव्हे. पोंचा बुजवून रंगापूर्वीं पृष्ठभाग गुळगुळीत करणें हें तिचें काम. भोक बुजविणें हें तिचें काम नव्हे. ती सूक्ष्मपणें ओल शोषते, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच जागीं पुन्हां फुगा येतो. कापड, जाळी, वर्तमानपत्राचा बोळा आणि वर लांबी, अशी दुरुस्ती पुष्कळ जुन्या गाड्यांच्या पोटांत सांपडते. तळाच्या गालिच्याखालचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालची बैठक आणि पुढच्या कांचेच्या रबराखालची कड या जागा प्रथम पाहाव्या. तळ आणि पाट दोन्ही बाजूंनीं गेले असतील आणि जॅक लावतांच पत्रा चेपत असेल, तर ती गाडी भंगारांत देणें हेंच शहाणपणाचें. नोंदणीकृत केंद्रांत रीतसर मोडीत काढल्यास तसें प्रमाणपत्रहि मिळतें.

गंज काढण्याच्या रीतींपैकीं घासणें ही सर्वांत जुनी आणि आजहि सर्वांत उपयोगी. तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, घासयंत्र. सोबत डोळ्यांस चष्मा आणि नाकातोंडास पट्टी हवीच, कारण जुन्या रंगांत शिशाचा अंश असूं शकतो. सुट्या भागांसाठीं विद्युत्‌क्रिया सोयीची. प्लॅस्टिकच्या टबांत धुण्याच्या सोड्याचें पाणी घ्यावें; गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोंकास आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोंकास जोडावा. कांहीं तासांत गंज सैल होऊन निघतो आणि चांगलें लोखंड झिजत नाहीं. त्या वेळीं हायड्रोजन वायु निघतो, म्हणून हें काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावें. धन टोंकास स्टेनलेस पोलाद मात्र कधींहि लावूं नये. त्यापासून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यांत उतरतात.

घासूनहि खांचांतून जो गंज उरतो, त्यास रसायनानें स्थिर करितात. फॉस्फरिक आम्लानें त्याचें लोह-फॉस्फेट होतें. दिल्लीजवळ मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें टिकला, त्याचेंहि एक कारण त्या लोखंडांतील भरपूर फॉस्फरस आणि त्यापासून पृष्ठावर झालेला संरक्षक थर हें मानलें जातें. दुसरा पदार्थ टॅनिन. बाजारांत मिळणाऱ्या बऱ्याच गंजरोधक द्रावणांत हेंच असतें. तें लावतांच तांबडा गंज काळानिळा होतो. हा चमत्कार साताऱ्याच्या डोंगरांतील माणसास परका नाहीं. जावळी-पाटणकडील जंगलांतून जो हिरडा गोळा होतो, तो टॅनिनानें भरलेला. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्याची रीत देशांत फार जुनी आहे. दप्तरांतील काळीं अक्षरें आणि मोटारीच्या तळावरील काळा थर यांचें रसायन एकच. अर्थात् हिरड्याचा काढा गाडीस फांसावा असा याचा अर्थ नव्हे. तयार द्रावणांत आम्लाचें प्रमाण आणि थर धरणारे पदार्थ मोजून घातलेले असतात.

जेथें पत्रा गेलाच, तेथें नवा तुकडा जोडणें प्राप्त. या भागांत जोडकाम करणारांची वाण नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारून लोखंडी नांगर ओतला, तेव्हांपासून लोखंडाची विद्या येथें घरोघर झिरपली आहे. पण उसाच्या ट्रॉलीचे जाड पट्टे जोडणारा हात पातळ पत्र्यावर तसाच चालला, तर शिवण्याऐवजीं भोकेंच पाडतो. पातळ पत्र्यास वायूच्या आच्छादनाखालीं तारेनें, थोड्या थोड्या टिपक्यांनीं, मधून मधून थंड होऊं देऊन जोडावें लागतें. हें काम पत्राकाम जाणणाऱ्या कसबी माणसाकडे सोंपवून घासणें, खोलणें, रंगाची तयारी हीं कामें घरीं ठेवावीं. जोडकामापूर्वीं पेट्रोलची टांकी आणि बॅटरी काढून ठेवणें हें सांगण्याची गरज नसावी. तरी अपघात होतात ते येथेंच.

यंत्राचें काम त्यामानानें सोपें. बरींच वर्षें बंद असलेलें यंत्र एकदम किल्लीनें फिरवूं नये. ठिणगीचे प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दोन दिवसांनीं हातानें फिरवून पाहावें, जुनें पेट्रोल आणि तेल पूर्ण काढावें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें, म्हणून तें, नळ्या आणि रबरी वायसर बदलल्यावांचून गाडी अंगणाबाहेर नेऊं नये. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यांचें वय पाहावें. बाजूवर चार अंक छापलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन सालाचे.

कामाची वांटणी ऋतूंप्रमाणें केली तर घरांत कुरबूर कमी होते. पत्रा आणि रंग हिवाळ्या-उन्हाळ्यांत; पावसाळ्यांत शेडखालीं यंत्र, आसनें, तारा. दमट दिवशीं उघडा केलेला पत्रा एका रात्रींत पुन्हां तांबडा पडतो, यासाठीं सकाळीं जेवढा घासला तेवढ्यास संध्याकाळपूर्वीं प्रायमर लागलाच पाहिजे. संबंध गाडी एकदम खोलून बसणारांच्या गाड्या बहुधा तशाच राहतात. एक दार संपवावें, मग दुसरें. काढलेले नटबोल्ट कागदावर लिहून निरनिराळ्या डब्यांत ठेवण्याचें काम घरांतील शाळकरी मुलें उत्तम करितात.

कागदपत्रांकडे मात्र हातोडी उचलण्यापूर्वींच पाहावें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, नंतर तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं नवी होते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीस हें शुल्क ५,००० रुपये झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीसाठीं तें १०,००० रुपये करण्यांत आलें. पर्यावरण कर निराळा. रंग बदलला तरी नोंदणीपुस्तकांत तशी नोंद करावी लागते. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनीं भंगारांतून, दुचाकीसारखी पायानें किक मारून सुरू होणारी छोटी मोटार बनविली. २०२१ च्या डिसेंबरांत आनंद महिंद्र यांनीं तिचें जाहीर कौतुक केलें. पण ती नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अडविली जाईल, हेंहि ओळखून तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें तो व्यवहार झाला. कारागिरी अस्सल असली तरी रस्त्याचा कायदा कारागिरीवर भागत नाहीं. जुन्या मारुतीचें भाग्य एवढेंच, कीं ती एकदां नियमांत बसलेली आहे. तिला मूळ स्वरूपांत राखलें, तर दुसऱ्यांदां बसवितां येते.

रंग झाल्यावर पोकळ पाटांत आणि दारांच्या पोटांत पातळ मेणाचा फवारा मारावा. जळकें तेल ओतण्याची जुनी चाल सोडावी. तें रबर फुगवितें आणि जमिनींत मुरतें. दारांच्या आणि पाटांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं कारखान्यानेंच लहान छिद्रें ठेविलेलीं असतात. रंगारी तीं हमखास बुजवितो. पहिल्या वळवापूर्वीं प्रत्येक छिद्रांतून एक बारीक तार घालून पाहावी, आणि वर नळीनें पाणी सोडून तें खालून गळतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी.