बिनव्याजी हप्त्याचं व्याज कोण भरतं?

समजा, आपण 30,000 रुपयांचा फोन घेतला आणि क्रेडिट कार्डाने पैसे दिले. आपल्या खात्यातून आज एक रुपयाही गेला नाही. बँकेनं मात्र ती रक्कम आपल्या वतीने चुकती केली आणि फेडायला 20 ते 50 दिवस दिले, तेही बिनव्याजी. मग बँक यातून कमावते कुठे?

पहिली कमाई कार्ड मशीनला लागतं तिथेच होते. दुकानदाराला पूर्ण 30,000 मिळत नाहीत. साधारण दीड ते अडीच टक्के आधीच कापले जातात. याला एमडीआर म्हणतात, म्हणजे कार्डाने पैसे स्वीकारण्याबद्दल दुकानदाराने द्यायचं शुल्क. दोन टक्के धरले तर 600 रुपये. त्यातला मोठा वाटा आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेचा; बाकीचा मशीन पुरवणाऱ्या बँकेचा आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेचा. आपले रिवॉर्ड पॉइंटही बरेचसे याच पैशातून येतात. शिवाय काही कार्डांवर वार्षिक शुल्क असतं.

पण खरी कमाई बिलाच्या टप्प्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मुदतीत पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी सवलत टिकते. थोडी बाकी ठेवली, तर व्याज फक्त त्या बाकीवर लागेल असं आपल्याला वाटतं. बहुतेक बँकांची पद्धत तशी नाही. व्याज पूर्ण रकमेवर, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं.

आकडे मांडून पाहू. 5 जूनला 40,000 रुपयांची खरेदी, 20 जूनला बिल, 10 जुलै ही शेवटची तारीख. आपण 10 जुलैला 38,000 भरले, 2,000 राहिले. व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के धरू. कार्डांवर असे दर सर्रास असतात. 40,000 वर 35 दिवसांचं व्याज 1,611 रुपये. उरलेल्या 2,000 वर पुढच्या बिलापर्यंतच्या दहा दिवसांचे 23. त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण सुमारे 1,928 रुपये. बाकी होती 2,000 ची! शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज.

बिलावर आणखी एक छोटा आकडा असतो: किमान देय रक्कम. तेवढी भरली की उशिराचा दंड लागत नाही, म्हणून कर्ज आटोक्यात आहे असं वाटतं. ही रक्कम बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. 40,000 च्या बाकीवर ती झाली 2,000. वरच्याच दराने महिन्याचं व्याज आणि त्यावरचा कर मिळून 1,652 होतात. म्हणजे मुद्दलातून सुटले जेमतेम साडेतीनशे. किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. तो बारीक अक्षरांतला असला तरी आवर्जून वाचावा.

या दरांना वरची मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये वार्षिक 30 टक्क्यांहून जास्त व्याज आकारणं अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा जपायचं आपणच आहे.

कार्डाने एटीएममधून रोख काढण्याबद्दल एवढंच सांगतो: तिथे बिनव्याजी दिवस मुळीच नाहीत, आणि वर शुल्क वेगळं. शक्यतो काढूच नये.

आता ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनखर्चाचा मासिक हप्ता. तोच 30,000 चा फोन, 5,000 चे सहा हप्ते. हिशेब बरोबर जुळतो, मग व्याज कुठे गेलं? ते किमतीत दडलेलं असतं. बँकेचा दर वर्षाला 15 टक्के असेल, तर ती आपल्याला कर्ज देते सुमारे 28,730 रुपयांचं आणि त्यावर व्याज घेते 1,270. तेवढीच सूट कंपनी किंवा विक्रेता किमतीत देतो. बँकेला आपलं व्याज पूर्ण मिळतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच स्पष्ट केलं होतं.

आपल्या खिशातूनही थोडं जातंच. 1,270 च्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 229 रुपये. हा कर सरकारकडे जातो, पण भरतो आपण. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर करासह 235. झाले 464. आणि हप्ता न घेता एकरकमी पैसे दिल्यावर विक्रेता हजार-दीड हजार कमी करणार असेल, तर ती सोडलेली सूट हाही खर्चच. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा: “एकरकमी दिले तर कितीला?”

हप्त्यात आणखी काही ठिकाणी घोळ होतो. फोन मध्येच परत केला किंवा कर्ज लवकर फेडलं, तर प्रक्रिया शुल्क आणि तोवरचं व्याज बहुधा परत मिळत नाही. लवकर फेडण्याचंही शुल्क असू शकतं. महिन्याचा हप्ता बिलातच येतो, त्यामुळे तो चुकला की वर पाहिलेलं 42 टक्क्यांचं चक्र त्यालाही लागू होतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार हप्ते करण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवणं बँकेवर बंधनकारक आहे, बिलावरसुद्धा. ते तीन आकडे दिसत नसतील तर होकार देऊ नये.

शेवटी, खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय केली असेल, तर ती आजच उघडून पाहावी. तिथे दोन पर्याय असतात: ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. चुकून दुसरा निवडला गेला असेल, तर दर महिन्याला पैसे वेळेवर कापले जातात, दंड लागत नाही, आणि व्याज मात्र चालूच राहतं.