शाळेतील नाट्यशिक्षक : एक व्यवसाय, एक जबाबदारी

दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी मंडई व शंकरपटाचे दिवस सुरू होतात आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाट्यमंडळांचे केंद्र होय. याच रंगभूमीची आयुष्यभर सेवा करणारे कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री सन्मान लाभला. तरीही घरातील मुलाने नाटकाची आवड बोलून दाखविली की पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो : पोटापाण्याचे काय? शाळेतील नाट्यशिक्षण हे या प्रश्नाचे एक उत्तर ठरू शकते.

स्नेहसंमेलनातील नाटक आणि वर्गातील नाट्यशिक्षण यांत मूलभूत भेद आहे. स्नेहसंमेलनात मोजक्या धीट मुलांना भूमिका मिळतात. वर्गात मात्र प्रत्येक मूल सहभागी होते आणि प्रेक्षक कोणीच नसतो. १९२७ च्या महाड सत्याग्रहाचा पाठ घ्या. काही मुले सत्याग्रही होतात, काही विरोध करणारे ग्रामस्थ, काही नुसते पाहणारे. मग शिक्षक विचारतात, ‘तू गप्प का उभा राहिलास?’ या प्रश्नाचे उत्तर पाठांतराने देता येत नाही. इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे १९६५ साली शिक्षणासाठी रंगभूमी या चळवळीचा आरंभ झाला, तिचे सूत्रही हेच आहे.

निवासी शाळेत या पद्धतीचे मोल अधिक आहे. गोंडी वा माडिया बोलणारे मूल वसतिगृहात येते आणि मराठी नीट येत नाही म्हणून वर्गात मूक बसते. आपण त्याला मंद समजतो. नाट्यखेळात ते प्रथम हावभावाने, नंतर आपल्या बोलीत आणि पुढे मराठीत व्यक्त होते.

वास्तवही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे ‘कलाशिक्षक’ म्हणजे बहुधा चित्रकला शिक्षक. नाट्यशिक्षकाचे स्वतंत्र पद सामान्य शाळांत क्वचितच आढळते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण केवळ त्यावर संसार चालणे कठीण. म्हणून पदवीसोबत बी.एड. वा डी.एल.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा ही शिदोरी हवीच. त्यास नाट्यप्रशिक्षणाची जोड दिल्यास भाषा किंवा इतिहासाचा शिक्षक नाटकातून शिकवू शकतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी येथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने आगरतळा येथील केंद्रात शालेय नाट्यशिक्षणाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम चालविला आहे. प्रवेशापूर्वी चालू वर्षाची माहितीपत्रके अवश्य पाहावीत. खासगी शाळा, बालनाट्य शिबिरे व सामाजिक संस्थांतही काम मिळते.

ही वाट आपल्या परंपरेला परकी नाही. बौद्ध महाकवी अश्वघोषाने शारिपुत्राच्या धम्मप्रवेशावर नाटक लिहिले; आंबेडकरी जलशांनी निरक्षर वस्त्यांपर्यंत विचार पोहोचविला. आज या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना रंगभूमीचा अनुभव आहे, त्यांनी वर्षातून एक आठवडा जरी येथील मुलांसाठी दिला, तरी मागच्या बाकावरील एखादे मूक मूल बोलू लागेल.