वाइनच्या बाटलीमागचा मालक कोण?

समजा, बदलापूरच्या एखाद्या वाइन शॉपमध्ये दोन बाटल्या शेजारी ठेवल्यात. एक 'सुला', दुसरी 'यॉर्क'. नावं वेगळी, लेबलं वेगळी. तुम्हाला वाटेल, हे दोघे स्पर्धक. पण दोन्हींचे पैसे एकाच कंपनीकडे जातात. नाशिकच्या गंगापूर धरणाजवळची यॉर्क वायनरी आधी गुरनानी कुटुंबाची होती. २०२१ मध्ये सुलाने ती विकत घेतली आणि नाव तेच ठेवलं. यात बेकायदेशीर काहीच नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात: स्वतंत्र मालकी आणि पारदर्शकता. त्या एकत्र येतातच असं नाही.

सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. सुमारे ९६० कोटींचा तो आयपीओ पूर्णपणे 'ऑफर फॉर सेल' होता. म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले, कंपनीला त्यातलं काही मिळालं नाही. हे आपल्याला कळलं, कारण सेबीच्या नियमांनुसार ते जाहीर करावंच लागतं. आजही कोणाचा किती हिस्सा आहे ते दर तिमाहीला एक्स्चेंजच्या साइटवर फुकट दिसतं. उलट एखादी घरगुती वायनरी शंभर टक्के स्वतंत्र असेल, पण तिला इतकं सांगायची सक्ती नाही. ती प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर फी भरून वार्षिक कागदपत्रं बघता येतात, एवढंच.

मग मालक कोणीही असो, चव तीच ना? चवीचं एक वेळ सोडा, शेतकऱ्याचं काय? शिराझ किंवा शेनिन ब्लांकची द्राक्षं बारीक आणि बियांची असतात. खायची द्राक्षं म्हणून बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. घेणार ती वायनरीच. त्यामुळे दोन वायनऱ्या एक झाल्या की शेतकऱ्याचा एक खरेदीदार कमी होतो.

आणि पारदर्शकता म्हणजे हमीही नव्हे. नारायणगावची इंडेज शेअर बाजारात नोंदलेलीच होती. २००८ च्या जागतिक मंदीनंतर ती कर्जात बुडाली. त्या सुमारास अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या.

पुढच्या वेळी बाटली उलटी फिरवून बारीक अक्षरातलं उत्पादकाचं नाव वाचा. मोठ्या अक्षरात असतो तो ब्रँड. मालकाचा शोध त्या बारीक ओळीपासून सुरू होतो.