मनीच्या पोटात पाणी का झाले?

समजा, अलोऱ्यातल्या एका घरी वर्षभराची मनी आहे. बाहेर धो धो पाऊस कोसळतो आहे आणि मनी कोपऱ्यात अंग आक्रसून बसली आहे. आठवडा झाला, माशाच्या वासानेही ती उठत नाही. अंग गरम लागते. पाठीचा कणा हाताला लागतो. पोट मात्र फुगत चालले आहे! प्रतिजैविके देऊनही ताप उतरत नाही. चिपळूणला नेल्यावर डॉक्टर सुईने पोटातले थोडे पाणी काढतात. ते पिवळसर आणि चिकट निघते. मनीला झाले आहे तरी काय?

असे पाणी यकृताच्या विकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगानेही साठू शकते. पण तरुण मांजरात आणखी एका रोगाचा संशय घ्यावा लागतो. तो म्हणजे संसर्गजन्य उदरावरणशोथ, अर्थात एफ. आय. पी. तो मांजरांच्या एका कोरोना विषाणूमुळे होतो. हा कोविडचा विषाणू नव्हे आणि तो माणसाला बाधत नाही. पुष्कळ मांजरांच्या आतड्यांत तो निमूटपणे राहतो. क्वचित एखाद्या मांजरात त्याच्यात बदल घडतो आणि तो रक्तातल्या भक्षक पेशींमध्ये वाढू लागतो. मग रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यांतून प्रथिनयुक्त द्रव झिरपतो आणि पोटात साठतो.

मग रक्ततपासणी करून विषाणू पकडता येणार नाही का? अडचण इथेच आहे. रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर मांजराचा कोरोना विषाणूशी संबंध आला होता एवढेच कळते. तो विषाणू निरुपद्रवी होता की बदललेला, हे त्यातून कळत नाही.

इथे एक साधी चाचणी मदतीला येते. परीक्षानळीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात ॲसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळतात आणि वरून पोटातल्या द्रवाचा थेंब सोडतात. तो विरघळून गेला, तर एफ. आय. पी. असण्याची शक्यता फार कमी. तो आकार टिकवून तरंगला किंवा सावकाश तळाशी गेला, तर संशय बळावतो. पण खात्री होत नाही. वय, ताप, रक्तातील प्रथिने, सोनोग्राफी असे पुरावे एकेक करून जोडावे लागतात.

या कामी घरच्यांची वही मोलाची ठरते. रोजचे खाणे, ताप आणि वजन तीत टिपावे. वजनकाट्यावर आधी मनीला घेऊन आणि मग एकट्याने उभे राहा. फरक तो मनीचा! मात्र पोटात पाणी साठत असेल, तर मांस झडत असूनही वजन वाढते. म्हणून कणा चाचपून पाहण्यास विसरू नये. आणि ताप आला म्हणून आपली पॅरासिटामोलची गोळी मनीला कधीही देऊ नका. तिचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

या रोगाचे वर्णन 1963 मध्ये झाले. त्यानंतर अनेक दशके त्याचे नाव म्हणजे मृत्यूचा निरोपच होता. 2019 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी. एस. 441524 या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. 31 आजारी मांजरांपैकी 26 मांजरांनी 12 आठवड्यांचा उपचार पुरा केला आणि 25 दीर्घकाळ जगली! कोविडच्या साथीत गाजलेले रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर याच रेणूत रूपांतरित होते.

म्हणूनच आता निदानाला नवा अर्थ आला आहे. पूर्वी नेमके निदान झाले तरी हाती काही उरत नसे; आज ते वेळेवर झाले, तर मनी पुन्हा माशाच्या वासाने उठून येऊ शकते.